न पडता झालेली दुखापत

11 जुलै 2025 रोजी मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये अविनाश साबळे पाण्याच्या अडथळ्यावर पडला. आमच्या धाराशिवच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा धावपटू. 3000 मीटर स्टीपलचेसचा 8 मिनिटे 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम त्याच्याच नावावर आहे. त्या पडण्यात गुडघ्यातला अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. सगळा महाराष्ट्र हळहळला. हळहळणे सोपे होते, कारण काय झाले ते सगळ्यांना दिसले होते. तारीख होती, जागा होती, चित्रफीत होती.

ज्या पुस्तकाची ही प्रस्तावना, ते तशा दुखापतीविषयी नाही. मैदानी खेळाडूच्या वाट्याला येणाऱ्या बहुतेक दुखापतींना ना तारीख असते, ना साक्षीदार. मुलगा पडत नाही, धडकत नाही, पाय मुरगळत नाही. एक दिवस सकाळी धावायला लागल्यावर नडगीच्या आतल्या बाजूला काहीतरी सलते आणि दहा मिनिटांत जाते. आठवड्याने ते वीस मिनिटे राहते. महिन्याने धावणे संपल्यावरही ठणकते, आणि मग जिना उतरतानाही. विचारले, 'कधी लागलं?' तर त्याला सांगता येत नाही, कारण लागलेलेच नसते. स्वीडनमधल्या अव्वल ॲथलिट्सचा वर्षभर माग ठेवून केलेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोंदलेल्या दुखापतींपैकी 96 टक्के अशा, अतिवापराच्या निघाल्या. पडून-आपटून झालेल्या दुखापती उरलेल्या चार टक्क्यांत बसल्या. म्हणजे ज्याला आपण मैदानावरची दुखापत म्हणतो आणि जिच्यासाठी प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभे राहतो, तो या खेळात अपवाद आहे.

नियम कसा दिसतो, हे जगाने एकदाच डोळ्यांनी पाहिले. बीजिंग ऑलिंपिकमध्ये 18 ऑगस्ट 2008 रोजी 110 मीटर अडथळ्यांच्या प्राथमिक फेरीत चीनचा लिऊ शियांग उभा राहिला आणि एकही अडथळा न ओलांडता मैदानाबाहेर चालत गेला. टाचेच्या वरची शीर, जिला डॉक्टर अकिलीस म्हणतात, ती आधीपासून कुरकुरत होती. चार वर्षांनी लंडनमध्ये पहिल्याच अडथळ्यावर तो कोसळला, तो त्याच पायाच्या त्याच शिरेमुळे. बीजिंगमध्ये त्याच्याच देशातल्या अनेकांनी त्याला पळपुटा ठरवले होते. न पडता जखमी झालेल्या माणसावर कोणी चटकन विश्वास ठेवत नाही. चीनमध्ये ठेवला नाही, कळंब-वाशीत तरी कोण ठेवणार? आपल्याकडे त्याला 'नाटक करतोय' म्हणतात.

शरीरात नेमके काय होते, ते आधी सांगायला हवे, कारण सगळा गैरसमज तिथेच सुरू होतो. हाड म्हणजे दगड नव्हे, ती जिवंत वस्तू आहे. भार पडला की तिच्यात सूक्ष्म तडे जातात. ते बुजवण्यासाठी शरीर आधी तिथला जुना भाग खरवडून काढते आणि मग नवा भरते. नळाची लाइन टाकायला आधी रस्ता खणतात, तसेच. खणणे तीन-चार आठवड्यांत उरकते, भरणे पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कच्चे असते. नेमक्या त्याच काळात, नव्या सरावाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, मुलाचा दम वाढलेला असतो. श्वास आणि हृदय लवकर तयार होतात, स्नायू त्यामागून येतात, शिरा आणि हाडे सगळ्यांच्या शेवटी. दम आला म्हणून शिक्षक फेऱ्या वाढवतात, मुलगाही खुशीने धावतो आणि खणलेल्या रस्त्यावरून ट्रक जायला लागतात.

थोडा हिशेब करून पाहू. पन्नास किलोचा मुलगा 1600 मीटर धावतो तेव्हा साधारण अकराशे पावले टाकतो. प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून पायात परत येतो, अडीच पट धरू. एका पायाच्या वाट्याला साडेपाचशे पावले, प्रत्येकी सव्वाशे किलो. बेरीज जाते सत्तर टनांच्या आसपास, तीही एकाच दौडीत, एका पायावर, पाच-सहा मिनिटांत. तिहेरी उडी मारणाऱ्याला तर मधल्या टप्प्यावर शरीराच्या वजनाच्या दहापटींहून जास्त जोर एका पायावर झेलावा लागतो. हे शरीराला झेपते, झेपावे म्हणूनच सराव करायचा असतो. प्रश्न फक्त हे झेपायला त्याला किती दिवस दिले, हा आहे.

आता हे दिवस धाराशिव जिल्ह्यात कसे मिळतात ते बघा. माझे म्हणणे असे, की आपल्याकडची अतिवापराची दुखापत मुलाच्या पायात सुरू होत नाही, ती वेळापत्रकात सुरू होते.

मार्चमध्ये परीक्षा लागतात आणि मैदान बंद होते. एप्रिल-मे म्हणजे चाळिशीच्या वरचे ऊन, लग्नसराई, शेतातली पेरणीपूर्व कामे. अडीच महिने मुलगा सरावाचे एक पाऊलही धावत नाही. जूनच्या मध्याला शाळा उघडते. पहिला महिना प्रवेश आणि पुस्तके वाटण्यात जातो. जुलैत पाऊस असतो. काळी माती भिजली की मैदानावर बूट घोट्यापर्यंत रुततो, मग तेही पंधरा-वीस दिवस जातात. आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तालुका स्पर्धेचे पत्रक येते. तिथून जिल्हा, मग लातूर विभाग, मग राज्य. 14, 17 आणि 19 वर्षांखालील तीन गट, आणि शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक एक. पत्रक आल्यावर तो काय करणार? हाताशी असलेल्या तीन-चार आठवड्यांत जे बसेल ते बसवणार. सकाळी फेऱ्या, संध्याकाळी उड्या, रविवारी दोन्ही. अडीच महिने शून्य आणि मग एकदम सगळे. दुखापत पिकवायची ठरवली, तर याहून चांगले वेळापत्रक मलाही आखता येणार नाही.

त्यातही जो मुलगा चांगला, त्याचे जास्त हाल. तो 400 मीटरला हवा, लांब उडीला हवा, रिलेत हवा, आणि खो-खोच्या संघातही हवाच, कारण धाराशिव हा खो-खोचा जिल्हा. सारिका काळे याच मातीतली. तिला 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाल्यापासून प्रत्येक तालुक्यात मुली पाटीवर बसायला तयार आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण खो-खोत खुंटाला हात लावून झटक्यात वळणारा गुडघा आणि दुसऱ्या दिवशी लांब उडीच्या फळीवर आपटणारा गुडघा एकच असतो. दोन्ही खेळांचे शिक्षक आपापल्या सरावाचा हिशेब ठेवतात, बेरीज कोणीच करत नाही.

शिवाय काही भार असा असतो, की तो सराव म्हणून गणलाच जात नाही. विभागीय स्पर्धेच्या सुमारास, ऑक्टोबरात, सोयाबीन काढणीला आलेले असते. भूम-परंड्याकडचा मुलगा पहाटे धावून येतो आणि दिवसभर कमरेत वाकून विळा चालवतो. मांडीच्या मागचा स्नायू दिवसभर ताणलेला असतो. दुसऱ्या दिवशी 100 मीटरच्या मध्यात तो फाटला, तर आपण म्हणतो वॉर्मअप कमी पडला. कोजागरीच्या आधी सोलापूरकडून हजारो माणसे तुळजापूरला पायी येतात, आणि त्यांत आपली धावणारी पोरेही असतात. कित्येक जण अनवाणी. डांबरावरून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. देवीला जाऊ नका असे मी कुणाला सांगणार नाही. पण परत आल्यावर आठवडाभर स्पाइक घालू नका, एवढे सांगण्याचा हक्क शिक्षकाला आहे, आणि तो त्याने बजावावा.

पायाच्या पंज्यातले लांब हाड अशा चालण्याने तडकते, हे वैद्यकाला फार आधीपासून ठाऊक आहे. प्रशियाच्या सैन्यातला डॉक्टर ब्राइटहाउप्ट याने 1855 मध्ये लांब कवायतीनंतर सैनिकांचे पाय सुजून दुखतात याची नोंद केली. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षे होती, त्यामुळे आत हाड तडकले आहे हे त्याला दिसणे शक्य नव्हते. पुढे क्ष-किरण आले आणि ते कोडे उलगडले. ही दुखापत पहिल्यांदा खेळाडूंत नव्हे तर नव्याने भरती झालेल्या शिपायांत ओळखली गेली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण आजही आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त धावतो तो शाळकरी खेळाडू नव्हे, भरतीचा उमेदवार.

पहाटे पाचला धाराशिव-तुळजापूर रस्त्यावर, उमरग्याच्या बाहेर, कळंबच्या मैदानावर जी मुले-मुली धावताना दिसतात, त्यांतली बहुतेक पोलीस भरतीची. मैदानी चाचणी 50 गुणांची. त्यातले 20 मुलांना 1600 मीटरला आणि मुलींना 800 मीटरला, उरलेले 100 मीटर आणि गोळाफेकीला. मुलाने 1600 मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांत काढले तर पैकीच्या पैकी. एकेका गुणावर घराचे नशीब फिरते, म्हणून ही पोरे दुखणे अंगावर काढतात. जाहिरात कधी निघेल हे माहीत नसते. निघाली की अकादमीत गर्दी होते आणि दोन वर्षे पुस्तकात डोके घालून बसलेला चोवीस वर्षांचा मुलगा पहिल्याच आठवड्यात रोज दोनदा 1600 मीटर 'फुल टायमिंग'ने मारायला लागतो. त्याला कोणी स्पर्धक खेळाडू म्हणत नाही, तरी त्याच्याइतकी चुरशीची स्पर्धा राज्य अजिंक्यपदातही नसते. म्हणून हे पुस्तक त्याच्यासाठीही आहे. मूळ मसुद्यात तो नव्हता. त्याला आत घ्या, असा आग्रह मी धरला आणि लेखकाने तो मानला.

धावायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेला ट्रॅक बहुतेक ठिकाणी 200 मीटरचा असतो. प्रमाणित 400 मीटर ट्रॅकच्या वळणाची त्रिज्या 36.50 मीटर; आपल्या 200 मीटरची तिच्या निम्मी, कधी त्याहूनही कमी. धावायचे नेहमी डावीकडे वळत. वळण जितके आवळलेले, तितका आतला पाय कलतो. 1600 मीटरला आठ फेऱ्या, म्हणजे सोळा वळणे, तीही सगळी एकाच बाजूची. डावी नडगी जास्त दुखते म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांना मी आधी ट्रॅकबद्दल विचारतो, नंतर बुटांबद्दल. उपाय फुकटचा आहे. संथ धावण्याच्या दिवशी उलट्या दिशेने फेऱ्या घ्या.

उन्हाळ्यात हीच काळी माती तापून सिमेंटसारखी होते, वर भेगा. पावसाळ्यात चिखल. मग राहतो डांबरी रस्ता, आणि रस्ता मध्ये उंच व कडेला उतरता असतो. वाहनांच्या भीतीने मुले कायम एकाच कडेने धावतात, त्यामुळे एक पाय रोज वर आणि एक रोज खाली. धाराशिवच्या जिल्हा क्रीडा संकुलापर्यंत पोहोचणे शहरातल्या मुलांना जमते. लोहारा किंवा वाशीच्या खेड्यातल्या मुलाने रोज तिथे यावे ही अपेक्षा पोकळ आहे. त्यापेक्षा गावातल्या मुरमाच्या पांदीचा शोध घ्यावा. मुरमाची पांद पायाला डांबरापेक्षा मऊ आणि मातीपेक्षा भरवशाची असते.

आता नडगीकडे जरा नीट पाहू, कारण धावणाऱ्यांच्या तक्रारींत ती नेहमी पुढे असते. मुलगा म्हणतो, "सर, नडगी दुखायलीय." उत्तर ठरलेले असते, "पळ थोडं, गरम झालं की राहतंय." हे उत्तर अर्धे खरे आहे, म्हणूनच जास्त घातक. त्याला बाकावर बसवा, मोजा काढायला लावा. नडगीच्या आतल्या कडेवर, घोट्याच्या वर चार बोटांपासून सुरुवात करून, अंगठ्याने हळूहळू दाबत वर जा. दुखणे जर पाच-सहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्ट्यात पसरलेले असेल, सगळीकडे सारखेच आणि मंद, तर हाडाच्या आवरणाला भार झेपत नाही असे समजावे. धावणे कमी करून, काही आठवडे जपून ते आटोक्यात येते. पण अंगठा सरकता सरकता एका ठिकाणी आला, रुपयाएवढ्या जागेत, आणि मुलाने पाय झटकून मागे घेतला, तर थांबा. आता त्याला त्याच पायावर एक उडी मारायला सांगा. तो मारणार नाही, किंवा मारून चेहरा वाकडा करेल. रात्री झोपेतही ठणकते का, हे विचारा. 'हो' म्हणाला, तर हाड तडकायला लागल्याचा संशय घ्यायचा आणि धावणे त्याच मिनिटाला बंद करायचे.

इथे आणखी एक सापळा असतो. गावातून माणूस मुलाला घेऊन सोलापूरला किंवा लातूरला जातो, एक्स-रे काढतो, आणि एक्स-रे स्वच्छ येतो. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा साध्या एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसतो, पण त्याचा खर्च ऐकून बाप गप्प होतो. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' हे वाक्य घेऊन मुलगा मैदानावर परततो आणि ज्यांनी 'नाटक' म्हटले होते त्यांच्या हाती पुरावाच लागतो. मला विचाराल तर अशा वेळी रिपोर्टपेक्षा अंगठ्यावर विश्वास ठेवावा. दुखरी जागा तशीच असेल, तर दोन-तीन आठवडे धावणे थांबवून पुन्हा एक्स-रे काढावा. मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा भाग, नडगीची पुढची कड आणि पावलाच्या कमानीवरचे छोटे हाड, या तीन जागी मात्र वाट पाहू नये. तिथले तडे भरायला अडतात, म्हणून तिथे शंका येताच तज्ज्ञ गाठावा, कर्ज काढावे लागले तरी.

आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप, बाम, स्प्रे यांबद्दल मला राग नाही. त्यांनी बरे वाटते आणि नुकसान होत नाही. राग आहे तो स्पर्धेच्या सकाळी घेतलेल्या वेदनाशामक इंजेक्शनचा. दुखणे हा शरीराने पाठवलेला निरोप. तो निरोप्याच गप्प केला की हाडाला बोलायला दुसरी जागा उरत नाही. त्यात उन्हात, कमी पाणी पिऊन धावणाऱ्याच्या मूत्रपिंडावर या औषधांचा ताण येतो तो वेगळाच.

वाढत्या वयाच्या मुलांचे गणित आणखी निराळे. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणे हे बॉस्टनच्या ऑसगुड आणि झुरिकच्या श्लाटर या दोघांनी 1903 मध्ये स्वतंत्रपणे वर्णन केले. त्या वयात हाड भराभर वाढते, शिरा-स्नायू मागे राहतात आणि ते जिथे हाडाला जोडलेले असतात ती कोवळी जागा ओढली जाते. टाचेलाही तसेच होते. सहावी-सातवीतल्या मुलाची टाच दुखली की तो आळशी आहे असे न समजता त्याची उंची मोजावी. सहा महिन्यांत झपाट्याने वाढला असेल, तर उड्या कमी कराव्यात. भालाफेकीत कोपर, थाळीफेक आणि उंच उडीत कंबर, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर आलेच आहे. नीरज चोप्राच्या कोपरावर 2019 मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि ते वर्ष जवळजवळ कोरडे गेले, हे वाचकांना आठवत असेल. तो परत आला, कारण त्याला वर्षभर थांबू देणारी माणसे त्याच्यामागे होती.

मुलींविषयी लिहिताना मला जरा जपून पण स्पष्ट लिहायचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याच घरांतल्या मुली आपण धावायला बोलावतो. सारिका काळे हिने पुरस्काराच्या वेळी सांगितले होते, की कित्येक वर्षे ती दिवसाला एकदाच जेवत होती. तिच्या जिद्दीचे कौतुक आपण सगळ्यांनी केले. त्या जेवणाबद्दल शरम वाटल्याचे फार कोणी बोलले नाही. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक संघटनेने 1992 मध्ये खेळाडू मुलींतल्या तीन गोष्टी एकत्र मांडल्या. खाणे अपुरे पडते, पाळी थांबते, हाड विरळ होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये ही कल्पना आणखी विस्तारली आणि मुलांनाही तिच्यात आणले. जेवढी ऊर्जा सरावात खर्च होते तेवढी ताटातून आली नाही, तर शरीर काटकसर करते आणि हाडाच्या दुरुस्तीवरही कात्री चालवते. सराव सुरू झाल्यावर पाळी थांबली तर कित्येक मुलींना ती सोयच वाटते. शिक्षक पुरुष, सांगणार कोणाला? शाळेतल्या एखाद्या बाईंना, मग त्या गणिताच्या असोत की मराठीच्या, हे काम सोपवा. तीन महिने पाळी आली नाही तर मुलीने त्यांना सांगायचे, एवढाच नियम. भुईमुगाचे कूट, गूळ, ज्वारीची भाकरी, डाळ, अंडे, एवढ्याने ताट बऱ्यापैकी भरते. प्रोटीन पावडरच्या डब्याची गरज नाही, आणि तो डबा विकणारा 'सप्लिमेंट' सल्लागार खेड्यात शिरला आहे, त्यापासून सावध राहा.

उपचारांत एकच गोष्ट मी इथे उचलून सांगतो, कारण ती स्वस्त आहे आणि तरी फारशी कोणी करत नाही. टाचेवरच्या शिरेच्या दुखण्यावर स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. पायरीच्या कडेवर पावलाचा पुढचा भाग ठेवून उभे राहायचे, चांगल्या पायाने वर उठायचे आणि दुखऱ्या एका पायावर हळूहळू टाच खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून पंधरा वेळा असे तीन संच, गुडघा वाकवून तेवढेच, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. दिवसाला 180 वेळा होतात. तोवर शस्त्रक्रियेची वाट पाहणारे धावपटू या पद्धतीने परत धावू लागले. शाळेच्या पायऱ्या फुकट आहेत. बारा आठवड्यांचा धीर मात्र विकत मिळत नाही, आणि आमच्याकडे मुलाला विभागीय स्पर्धा दहा दिवसांवर दिसत असते.

लेखकाशी एका मुद्द्यावर माझे पटलेले नाही, ते इथे नोंदवतो. 'आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ नको' हा नियम त्याने जाड अक्षरांत दिला आहे. नेदरलँड्समध्ये नवख्या धावणाऱ्यांवर हा नियम तपासून पाहिला गेला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दहा टक्क्यांचा नियम पाळणाऱ्यांच्या दुखापती नेहमीच्या पद्धतीने धावणाऱ्यांपेक्षा कमी भरल्या नाहीत. आकडा पाळल्याने सुटका होत नाही. मुलगा किती झोपला, काय जेवला, शेतात काय केले आणि त्याला कुठे दुखते, हे रोज विचारणारा माणूस लागतो. आकडा हा त्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. तरीही शून्यावरून एकदम रोज दोन वेळ धावण्यापेक्षा दहा टक्के शतपट बरे, म्हणून मी वाद तिथेच सोडला.

दुसरा मुद्दा लेखकाचा आणि माझा एकच आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला एकाच प्रकारात जुंपू नका. ललिता बाबर साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची, आधी खो-खो खेळायची. ती 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. साबळे लहानपणी शाळेला पायी आणि धावत जात असे, हे खरे. पण स्पर्धेसाठी धावायला त्याने सुरुवात केली ती सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडल्यावर. दोन नावांवरून सिद्धांत उभा राहत नाही, हे मलाही कळते. मात्र बाराव्या वर्षी 'राज्यस्तरीय' झालेली आणि सोळाव्या वर्षी मैदान सोडून गेलेली मुले आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि त्यांची नावे कुठेच छापलेली नसतात. त्यांच्यापैकी कितीजण नडगी, टाच किंवा गुडघ्यामुळे थांबले, हे शोधायचे काम एखाद्या तरुण शिक्षकाने अंगावर घ्यावे.

यात शिक्षकांवर सगळे खापर फोडावे असा माझा हेतू नाही. सवलतीचे गुण, नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण, शाळेच्या फलकावरचे नाव, या सगळ्याचा दाब शेवटी एका पायावर येतो, आणि तो दाब टाकणारे आपण सगळेच आहोत: पालक, मुख्याध्यापक, संस्थाचालक, टाळ्या वाजवणारे गावकरी. प्रमाणपत्रासाठी दुखऱ्या पायाने धावायला उभ्या केलेल्या मुलीला गुण मिळतात, पण पाय मिळत नाही.

मुख्याध्यापकांना आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना एक विनंती करून थांबतो. स्पर्धेची तयारी पत्रक आल्यावर नको, उन्हाळ्याच्या सुट्टीतच, आठवड्यातून तीन सकाळी सुरू करा. मुलाने शंभर पानी वहीत रोज धावणे, शेतकाम आणि दुखणे अशा तीनच ओळी लिहाव्यात. आणि तालुका स्पर्धेची नावे पाठवण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला एकेका पायावर दहा उड्या मारायला लावा. ज्याला त्या मारता येणार नाहीत, त्याला आधी डॉक्टरकडे पाठवा. त्याचे नाव पुढच्या वर्षी पाठवता येईल.